ओल्या वाळूत डिटेक्टर सारखा का वाजतो?

प्रश्न : नुकताच मेटल डिटेक्टर घेतला. कोरड्या वाळूत तो नीट चालतो, पण पाण्याजवळ नेला की सारखा वाजतो. खणलं तर काहीच नसतं. यंत्र खराब आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काळजी करू नका, यंत्र बहुधा ठणठणीत आहे. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं यंत्र ओल्या वाळूलाच धातू समजतं. त्यात तुमच्याकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं, त्यांची आणखी भर! सेन्सिटिव्हिटी कमी करा, ग्राउंड बॅलन्स ओल्या जागीच पुन्हा करा आणि कॉइल एकाच उंचीवर ठेवून पाण्याच्या रेषेला समांतर फिरवा. तरीही जमलं नाही, तर सध्या कोरड्या वाळूतच हात बसवा. लोक बसतात तिथेच नाणी-अंगठ्या पडतात. पुढे मल्टि-फ्रिक्वेन्सी किंवा पल्स इंडक्शन यंत्राचा विचार करा. कॉइल पाण्यात चालते म्हणून कंट्रोल बॉक्सही चालेल असं धरू नका.

जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली, तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित किल्ल्यांच्या परिसरात मात्र खणूच नका. आणि हिवाळ्यापासून आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरट्याची शंका आली तरी तिथून दूर व्हा.