पिंजऱ्यातील विमा : आफ्रिकेच्या लहान रानमांजरांचे स्थानबाह्य संवर्धन

जैवविविधतेच्या संवर्धनाचे दोन मार्ग मानले जातात. प्राणी जेथे राहतो तेथेच, अधिवासासह त्याचे रक्षण करणे म्हणजे मूळस्थानी संवर्धन होय. तर प्राणिसंग्रहालय, प्रजनन केंद्र किंवा जनुकपेढीत त्याचा वंश राखणे म्हणजे स्थानबाह्य संवर्धन होय. १९९२ साली रिओ येथे मांडल्या गेलेल्या जैवविविधता कराराच्या ८ व्या कलमात पहिल्या मार्गाचा, तर ९ व्या कलमात दुसऱ्याचा विचार आहे. ९ व्या कलमाचा आशय विद्यार्थ्यांनी नेमका ध्यानात ठेवावा. स्थानबाह्य उपाय हे मुख्यतः मूळस्थानी उपायांना पूरक म्हणून योजावयाचे आहेत, पर्याय म्हणून नव्हे. हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे आफ्रिकेतील एका इवल्याशा मांजरावरून चांगले उमगते.

सर्वांत लहान, म्हणून दुर्लक्षित

काळ्या पायांचे रानमांजर (फेलिस नायग्रिपेस) हे आफ्रिकेतील सर्वांत लहान रानटी मांजर. मादीचे वजन साधारण एक ते दीड किलो, नराचे फार तर अडीच किलोपर्यंत. पावलांचे तळवे काळे असल्यामुळे हे नाव पडले. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्सवाना येथील कोरडे गवताळ व झुडपी माळ हे त्याचे मुख्य वसतिस्थान. कूनोसाठी भारताने २०२२ आणि २०२३ मध्ये ज्या दोन देशांतून चित्ते आणले, त्या दोन्ही देशांत हे मांजर आढळते. परंतु त्याचे नाव वृत्तपत्रांत क्वचितच येते.

किंबर्लीजवळील बेनफॉन्टेन या राखीव क्षेत्रात अलेक्झांडर स्लिवा यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासामुळे त्याच्या जीवनक्रमाची माहिती झाली. एका रात्रीत हे मांजर कित्येक किलोमीटर फिरते आणि उंदीर, लहान पक्षी अशी १० ते १४ भक्ष्ये मारते. दिवसा ते इतर प्राण्यांनी खोदून सोडलेल्या बिळांत विसावते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या २०१६ च्या मूल्यांकनात त्याला 'असुरक्षित' वर्गात ठेवले असून प्रौढ प्राण्यांची अंदाजित संख्या ९,७०७ दिली आहे. वन्यजीव व्यापारविषयक 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ते समाविष्ट आहे.

घट कशामुळे होते? या माळांवर मेंढपाळीचा व्यवसाय मोठा आहे. कोल्हा आणि कॅराकल हे मेंढरांचे शत्रू. त्यांच्यासाठी विषारी आमिषे ठेवली जातात, सापळे लावले जातात. बळी मात्र मेंढराच्या वाटेस न जाणारे हे मांजरही पडते. अतिचराईने गवत विरळ झाले की उंदीर कमी होतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा ऋण बाह्य परिणाम होय. मेंढपाळ आपला तोटा टाळतो, पण त्याची जी किंमत निसर्ग मोजतो ती लोकरीच्या भावात कोठेच उतरत नाही.

जागा हा खरा दुर्मीळ घटक

जर्मनीतील वुपर्टाल प्राणिसंग्रहालयात ही मांजरे १९५७ साली आली आणि १९६३ साली तेथे त्यांचे यशस्वी प्रजनन झाले. पुढे त्यांची आंतरराष्ट्रीय वंशनोंदवहीही तेथेच ठेवली गेली. कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी लावावी, हे ठरविण्यासाठी १९९३ पासून युरोपात संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. जुलै २०११ मध्ये जगभरातील २३ संस्थांत मिळून ७४ मांजरे होती.

७४ हा आकडा पुरेसा आहे काय? येथे थोडे गणित आवश्यक आहे. बंदिस्त समूहाची जनुकीय विविधता दर पिढीत सुमारे १/(२ × परिणामकारक संख्या) इतक्या अंशाने घटते. परिणामकारक संख्या ही एकूण संख्येपेक्षा बरीच कमी असते, कारण काही प्राणी प्रजनन करीतच नाहीत, तर काहींची पिल्ले फार होतात. ती एक तृतीयांश धरली, तर ७४ मांजरांची परिणामकारक संख्या सुमारे २५ होईल आणि दर पिढीत २ टक्के विविधता गळेल. पिढी पाच वर्षांची मानल्यास शंभर वर्षांत २० पिढ्या होतील आणि अखेरीस मूळ विविधतेच्या सुमारे ६७ टक्केच शिल्लक राहील. शंभर वर्षांनंतर ९० टक्के विविधता टिकावी, असे उद्दिष्ट प्राणिसंग्रहालये सामान्यतः ठेवतात. त्यासाठी परिणामकारक संख्या ९५ च्या घरात, म्हणजे एकूण मांजरे सुमारे २८५ हवीत. हे आकडे उदाहरणादाखल असले तरी तफावत किती मोठी आहे ते त्यांवरून दिसते.

मग जागा चौपट का करीत नाहीत? येथे संधी-खर्चाचा प्रश्न येतो. प्राणिसंग्रहालयाचे उत्पन्न बहुतांशी प्रेक्षकांवर अवलंबून असते. वाघ-सिंह पाहण्यास लोक रांगा लावतात. दिवसभर बिळात दडून राहणाऱ्या निशाचर मांजरासाठी कोण तिकीट काढणार? शिवाय या जातीत पिंजऱ्यातील मृत्यूचे एक प्रमुख कारण म्हणजे अ‍ॅमिलॉयडोसिस हा विकार. त्यात मूत्रपिंडात प्रथिनाचे थर साचून ते निकामी होते. भिंतीआड मांजर विष व सापळ्यांपासून वाचते खरे, पण दीर्घायुषी होतेच असे नाही.

गोठविलेली बीजे

जागेच्या टंचाईवर तंत्रज्ञानाने एक उतारा शोधला आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या ऑडुबॉन संस्थेत २००३ साली घेतलेल्या वीर्यापासून २००५ मध्ये भ्रूण तयार करून ते गोठविण्यात आले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांतून काळ्या पायांच्या मांजराची दोन पिल्ले जन्मली. २०१२ मध्ये तर पाळीव मांजरीच्या उदरातून या जातीचे पिल्लू जन्मास आले. वरील सूत्राच्या दृष्टीने याचे महत्त्व असे की, गोठविलेल्या बीजामुळे पिढीचा कालावधी लांबविता येतो. पाचऐवजी दहा वर्षांची पिढी धरली, तर त्याच २५ च्या परिणामकारक संख्येने शतकाअखेर सुमारे ८२ टक्के विविधता राहते. पिंजरा न वाढविता झालेला हा लाभ आहे.

याच संस्थेने २००३ साली आफ्रिकी रानमांजराचे (फेलिस लिबिका) क्लोनही जन्मास घातले. त्याचा गवगवा झाला. तथापि क्लोनमुळे प्रती वाढतात, विविधता वाढत नाही. या जातीपुढील मुख्य धोकाही वेगळा आहे. पाळीव मांजर तिच्यापासूनच उत्पन्न झाले आणि आता त्याच्याशीच होणाऱ्या संकरामुळे तिचा शुद्ध वंश विरत चालला आहे. अशा वेळी शुद्ध वंशाची बीजे जनुकपेढीत राखण्यास निश्चितच अर्थ आहे.

पिंजऱ्यातून रानात परतणे अशक्य नाही, हे आयबेरियन लिंक्सने दाखविले. २००२ च्या सुमारास शंभराहून कमी उरलेला हा प्राणी २०२३ मध्ये दोन हजारांवर गेला. पण तेथे प्रजननाबरोबरच सशांची संख्या वाढविणे, शिकारीस आळा घालणे आणि जमीनमालकांना सहभागी करून घेणे हेही झाले. कारूच्या माळावर विषारी आमिषे तशीच राहिली, तर सोडलेले मांजर पुन्हा त्यांनाच बळी पडेल.

आपल्याकडील वाघाटी

जगातील सर्वांत लहान रानमांजर म्हणून काळ्या पायांच्या मांजराच्या जोडीने नाव घेतले जाते ते भारत, श्रीलंका व नेपाळमधील वाघाटीचे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार तिला संरक्षण आहे. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणानेही संवर्धनास पूरक ठरणे हेच या संस्थांचे मुख्य उद्दिष्ट मानले आहे. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्ले सापडतात. ती टोपलीत घालून त्याच जागी ठेवली, तर रात्री आई येऊन घेऊन जाते. वन विभाग आणि स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी असे अनेकदा घडवून आणले आहे. एका पिल्लाला आयुष्यभर पिंजऱ्यात पोसण्याच्या खर्चाशी तुलना करता या उपायास एका रात्रीची राखण आणि त्या फडाची तोडणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबविणे, एवढाच खर्च येतो.