शेवटी येणाऱ्याचीही टीम : ऑनलाइन इनडोअर रोइंगमधून पीटीच्या तासासाठी एक पाठ



शनिवारची सकाळची शाळा डोळ्यांसमोर आणा. पीटीचा तास आहे. सर शिट्टी वाजवतात, "मैदानाला चार फेऱ्या!" चपळ मुलं बघता बघता फेऱ्या संपवतात आणि पाण्याच्या बाटल्या उघडून कट्ट्यावर बसतात. शेवटची मुलगी अजून तिसऱ्या फेरीत असते. आता अख्खा वर्ग रिकामा आहे आणि बघायला मैदानावर तेवढीच एक आहे. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागतं, चांगल्या मनानंच. पण त्या टाळ्या तिला कशा ऐकू येत असतील याचा विचार आपण करत नाही. पुढच्या शनिवारी घरून चिठ्ठी येते : पोटात दुखतंय, आज पीटी नको.

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. मी खरं तर गणिताचा शिक्षक, पण शनिवारची पीटीही माझ्याकडेच असायची. सहा शनिवार सहा चिठ्ठ्या आल्या आणि मी प्रत्येक चिठ्ठी वाचून खिशात घातली. घोटाळा तिच्या पोटात नसून माझ्या "चार फेऱ्यां"मध्ये होता, हे फार उशिरा लक्षात आलं. तेही भलत्याच वाटेनं. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो तिथे एका ऑनलाइन रोइंग टीममध्ये आहे. त्याच्या टीमच्या गप्पा ऐकता ऐकता हा पाठ तयार झाला.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. इनडोअर रोइंग म्हणजे घरात किंवा जिममध्ये बसून वल्हवणं. सरकणारी सीट, पाय अडकवायच्या पट्ट्या, साखळीला लावलेली मूठ आणि पुढे पिंजऱ्यात फिरणारं पंख्यासारखं चाक. मूठ ओढली की चाक हवा कापत फिरतं. या यंत्राला 'अर्ग' म्हणतात. जगभर सगळ्यात जास्त दिसतो तो अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या 'कन्सेप्ट टू' या कंपनीचा. त्याच्या छोट्या पडद्यावर अंतर, वेळ, वॅट आणि ५०० मीटरला किती वेळ लागतोय ते दिसतं. बघणाऱ्याला वाटतं हे हातांचं काम आहे, पण बहुतेक जोर पायांचा असतो. आधी पाय, मग कंबरेतून मागे, मग हात. परतताना बरोबर उलट : हात, कंबर, पाय.

केलेला व्यायाम कंपनीच्या ऑनलाइन वहीत नोंदवता येतो, आणि कुणीही कुठूनही एकमेकांची टीम बनवू शकतं. एकाच टीममध्ये कॉलेजात शर्यती मारलेला तरुण असतो, गुडघा बदललेले सत्तरीचे आजोबा असतात, बाळंतपणानंतर पहिल्यांदा व्यायामाला बसलेली आई असते आणि व्हीलचेअर वापरणारा माणूसही असतो. ही माणसं कधी भेटत नाहीत. टीममधून बाहेर पडणं तर फारच सोपं असतं, नोंद करणं थांबवलं की झालं. चिठ्ठीसुद्धा लागत नाही. म्हणून अशा टीमला मागे पडणाऱ्याचा विचार करावाच लागतो, नाहीतर दोन महिन्यांत टीममध्ये फक्त वेगवान लोक उरतात.

आता गणिताकडे येऊ. अर्गवर वेग आणि ताकद यांचं नातं घनाचं आहे. एक मीटर जायला किती सेकंद लागले ते काढा, त्याचा घन करा आणि २.८० ला त्यानं भागा. आले वॅट. आठवीला आपण घातांक आणि घनमूळ शिकवतो, तिथे हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्या.

समजा एकजण ५०० मीटर २ मिनिटांत जातो. म्हणजे एका मीटरला ०.२४ सेकंद, घन ०.०१३८२४, आणि ताकद सुमारे २०३ वॅट. दुसरीला तेच अंतर जायला ३ मिनिटं लागतात. एका मीटरला ०.३६ सेकंद, घन ०.०४६६५६, ताकद ६० वॅट. तरुणाची ताकद तिच्या तिप्पटीहूनही जास्त! पण दोघं अर्धा तास वल्हवत राहिले तर अंतर किती? त्याचं ७,५०० मीटर, तिचं ५,००० मीटर. म्हणजे फक्त दीडपट. दीडचा घन काढा, ३.३७५ येतो. ताकदीतला साडेतीनपटीच्या आसपासचा फरक मीटरमध्ये मोजला की दीडपटीवर येतो. आणि ती पाऊण तास बसली तर? तिचेही ७,५०० मीटर होतात.

मला इथे थांबावंसं वाटलं. आपण काय मोजतो यावर कोण 'कच्चं' ठरतं हे अवलंबून आहे. वॅट मोजले तर ती बाई टीमवर ओझं. मीटर मोजले तर ती टीमचा भक्कम हिस्सा. आणि 'आठवड्यात किती दिवस बसलात' हे मोजलं तर कदाचित तीच पहिली. शरीर तेच, मेहनत तीच.

कन्सेप्ट टूचे बरेच सामुदायिक उपक्रम मीटरवरच चालतात ते यामुळे सोयीचं होतं. त्यांचं एक हॉलिडे चॅलेंज आहे, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून २४ डिसेंबरपर्यंत १ लाख किंवा २ लाख मीटर वल्हवायचं. लाख मीटर ऐकून घाम फुटतो, पण महिन्याभरात वाटून बघा : दिवसाला साधारण ३,३०० मीटर. तीन मिनिटांच्या संथ गतीनंही ते वीस मिनिटांचं काम आहे. जानेवारीतल्या टीम चॅलेंजमध्ये सगळ्यांच्या मीटरची बेरीज होते. तिथे ज्याचे मीटर कमी त्याचेही मिळवलेच जातात, वजा कुणाचेच होत नाहीत. त्याच कंपनीच्या सायकल-यंत्रावर बसणाऱ्याचे मीटर या उपक्रमांत निम्मे धरतात, कारण तिथे मीटर भराभर पळतात. समान मोजणं आणि न्याय्य मोजणं यात फरक असतो, याचं एवढं सोपं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

आता सर्वात महत्त्वाचं, आणि आपल्या मैदानाशी थेट जोडलेलं. व्हिडिओ कॉलवर सगळे एकत्र वल्हवायला बसतात तेव्हा "सगळ्यांनी २,००० मीटर मारा" असं सांगितलं की काय होतं? पहिला आठ मिनिटांत संपवतो, शेवटची बाराव्या मिनिटाला. चार मिनिटं बाकीचे टॉवेलनं तोंड पुसत तिच्याकडे बघत असतात. झाल्या की नाही आपल्या चार फेऱ्या? त्याऐवजी "सगळ्यांनी वीस मिनिटं" म्हटलं की सगळे एकाच क्षणी सुरू करतात आणि एकाच क्षणी थांबतात. अंतर प्रत्येकाचं वेगळं, पण शेवटचा असा कुणी उरतच नाही. अंतर ठरवायचं नाही, वेळ ठरवायची, एवढाच बदल. पुढच्या शनिवारी मी शिट्टी दोनदाच वाजवली : एकदा सुरुवातीला आणि एकदा आठ मिनिटांनी. पळा, चाला, मध्ये चाला परत पळा, पण आठ मिनिटं हलत राहा. त्या मुलीनं अडीच फेऱ्या केल्या. ती कितव्या नंबरावर होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तेव्हा सगळेच धापा टाकत होते.

शर्यत मात्र मुलांना हवीच असते, ती काढून टाकू नका. त्यासाठी मागेपुढे सुरुवात करता येते. २,००० मीटरला अपेक्षित वेळ तिघांचा १२, १० आणि ८ मिनिटं असेल तर १२ वाली आधी निघेल, दोन मिनिटांनी १० वाला आणि चार मिनिटांनी ८ वाला. सगळे आपापल्या अंदाजाप्रमाणे गेले तर बाराव्या मिनिटाला एकदम पोचतील. ज्यानं स्वतःच्या अंदाजावर मात केली तो पुढे. पण सावध, पोरं हुशार असतात! पहिल्याच चाचणीत मुद्दाम हळू जाऊन 'अंदाज' वाढवून घेतात. म्हणून अपेक्षित वेळ एका चाचणीवर ठरवू नका, मागच्या तीनपैकी सर्वांत चांगली घ्या.

वजनाचाही हिशेब असतो. अर्गवर भारी माणसाला फायदा होतो, कारण होडीसारखं त्याचं वजन पाण्यातून ओढावं लागत नाही. म्हणून वजनाप्रमाणे वेळ दुरुस्त करायचं एक सूत्र वापरतात. त्यानं ५० किलोच्या व्यक्तीचे ८ मिनिटं ३० सेकंद साधारण ६:५८ होतात आणि ९० किलोच्या व्यक्तीचे ७:२० साधारण ६:५१. सत्तर सेकंदांचं अंतर सात सेकंदांवर! मोठ्या माणसांच्या टीममध्ये हे मजेचं आहे. पण शाळेत मी हे करणार नाही आणि तुम्हीही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींची वजनं यादीत लावणं म्हणजे चिडवायला नवं साहित्य पुरवणं. उपाशी राहून वजन उतरवायचा विचार याच वयात डोक्यात शिरतो. मुलाची तुलना त्याच्या मागच्या महिन्याशी करा, ती पुरेशी आहे.

दिव्यांग खेळाडूंसाठी रोइंगमध्ये वर्ग आहेत. पीआर वन म्हणजे फक्त खांदे आणि हातांनी वल्हवणारे, पीआर टू म्हणजे धड आणि हात वापरणारे, आणि पीआर थ्री म्हणजे पायही वापरू शकणारे, यात दृष्टिबाधितही येतात. पहिल्या दोन वर्गांत सीट सरकत नाही, पक्की बसवलेली असते. २००८ च्या बीजिंग पॅरालिंपिकपासून रोइंग तिथे आहे. पण टीममध्ये घ्यायला पदकाच्या पातळीचं असावं लागत नाही. दृष्टिबाधित सदस्य असेल तर कॉलवर कुणीतरी दर मिनिटाला आकडे मोठ्यानं सांगायचे. स्थिर सीटवर बसणाऱ्याला विचारायचं, "तुमच्यासाठी वीस मिनिटं बरी की दहा-दहाचे दोन भाग?" विचारायचं, हे महत्त्वाचं. आपणच ठरवून "तू फक्त वेळ लाव, गुण लिही" असं काम देऊन बाजूला बसवणं आपल्याकडे सर्रास चालतं. मीही केलं आहे.

नवख्यांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. चाकाच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक दांडी असते. नवीन माणूस, विशेषतः बाप माणूस, ती थेट १० वर नेतो. तो आकडा म्हणजे ताकद नव्हे, सायकलच्या गिअरसारखं समजा. १० वर पाठ लवकर दुखते आणि माणूस चौथ्या दिवशी गायब होतो. ३ ते ५ च्या दरम्यान ठेवून आधी पाय-कंबर-हात हा क्रम बसवावा. मुलाला दमा, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर पालकहो, आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही सांगा. लपवू नका.

टीम चालवणाऱ्याचं काम आकडे जमवण्याचं कमी आणि भाषेचं जास्त असतं. लोक नोंद करताना लिहितात, "आज फक्त २ किमी." भाच्यानं ही सवय सांगितली आणि मी वर्गात 'फक्त' शब्दावर बंदी घातली. "फक्त अडीच फेऱ्या" नाही, "अडीच फेऱ्या". पहिले दोन दिवस मुलं हसली, मग एकमेकांना पकडायला लागली. दुसरं म्हणजे यादीचा क्रम. मीटरप्रमाणे लावलेली यादी रोज त्याच चार जणांना तळाला दाखवते. ती कधी हजेरीच्या दिवसांप्रमाणे, कधी स्वतःच्या मागच्या आठवड्यापेक्षा किती वाढ झाली त्याप्रमाणे लावा. आणि कुणी चार दिवस दिसलं नाही तर सगळ्यांसमोर नाही, खाजगीत विचारा. "किती झाले?" असं नको. "बरी आहेस ना गं?" एवढंच. मी पहिल्या चिठ्ठीनंतर हे विचारलं असतं तर पुढच्या पाच आल्या नसत्या.

आणि वेगवान मुलांचं काय? पालक हे विचारतातच, आणि बरोबर विचारतात. सगळ्यांना सामावून घ्यायच्या नादात त्यांना कंटाळवून चालणार नाही. रोइंगमध्ये यावर एक छान उपाय आहे. त्यांना सांगतात, मिनिटाला १८ च स्ट्रोक मारायचे, पण गती २:०५ च्या खाली आणायची. म्हणजे धसमुसळेपणा करून चालत नाही, प्रत्येक ओढ नीट मारावी लागते. मैदानावर मी धावण्यात पटाईत मुलाला सांगतो, "आठ मिनिटांतली तुझी प्रत्येक फेरी सारख्याच वेळेत झाली पाहिजे, दोन सेकंदांचा फरक चालेल." त्याला ते अजून जमलेलं नाही. पठ्ठ्या दर शनिवारी घड्याळ मागायला येतो.

आपल्या शाळांत अर्ग असण्याची शक्यता कमीच, किंमत लाखाच्या वर जाते. पण नदी किंवा यंत्र जवळ नाही म्हणून खेळ परका नसतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्यानं सुवर्ण मिळवलं. त्याच्या आठवीच्या वर्गात 'हा वल्हवेल' असं कोण म्हणालं असतं? यंत्र नसेल तर दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार किंवा फेऱ्या घ्या. ठरावीक वेळ, वर्गाची एकच बेरीज आणि भिंतीवर एक तक्ता. महिन्याचं लक्ष्य अंतरात ठेवा, जसं शाळेपासून पंढरपूरपर्यंत. रोजची बेरीज करून तक्त्यावर पुढे सरकायचं.

वहीत द्यायला एक उदाहरण : पाच जणांची टीम रोज ३० मिनिटं वल्हवते. ५०० मीटरला दोघांना २ मिनिटं, दोघांना अडीच मिनिटं आणि एकीला ३ मिनिटं लागतात. (अ) रोजचे एकूण मीटर किती? (आ) तीन मिनिटंवाली आली नाही तर लाख मीटर पूर्ण करायला किती दिवस जास्त लागतील? पहिल्याचं उत्तर ३२,००० मीटर. दुसऱ्यासाठी चौघांचे रोजचे २७,००० धरा : ती असताना चौथ्या दिवशी लाख पूर्ण होतात, ती नसताना चौथ्या दिवशी १ लाख ८ हजार होतात, म्हणून तेही चौथ्याच दिवशी! मुलं इथे ओरडतील, "मग ती नसली तरी काय फरक पडतो सर?" आता लक्ष्य सव्वा लाख करा आणि पुन्हा सोडवायला सांगा.