रोख देतो, सूट किती? : ‘सूट व कमिशन’ शिकवताना



इयत्ता आठवीच्या गणितात ‘सूट व कमिशन’ हे प्रकरण आहे. छापील किमतीतून सूट वजा केली की विक्री किंमत मिळते, हे सूत्र मुलं एका तासात पाठ करतात. मागे हे प्रकरण शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारलं, “सर, बाबांनी नगद दिले म्हणून दुकानदारानं पैसे कमी केले, पण बिल नाही दिलं. मग ही सूट शेकडा किती?”

मी फळ्यावर शेकडेवारी काढून दिली. पण उत्तर अर्धवट राहिलं, हे मलाच जाणवत होतं. कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः शेतातली मोटार अशीच बिनबिलाची घेतली होती. धानाला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत ती जळली. बिल नाही, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही, मग दुकानदार कशाला ऐकतो? वाचवले होते सातशे रुपये, दुरुस्तीला गेले अडीच हजार.

‘रोख’ची सूट आली कुठून?

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो मुख्यतः दिवाळीच्या आसपास धान निघाल्यावर. तोपर्यंत खत, किराणा, कपडे उधारीवर चालतात. दुकानदाराचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, काही तर बुडतातही. म्हणून जागेवर पैसे देणाऱ्याला तो दोन पैसे कमी घेत असे. दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी याच अनुभवातून आली.

म्हणजे ‘रोख’चा विरुद्धार्थी शब्द ‘उधार’ आहे, ‘यूपीआय’ नाही. मोबाईलवरून लगेच दिलेले पैसे हेही रोखच. मुलांना हा फरक आधी सांगावा.

सूट कोणाच्या खिशातून?

सूट दिसली की मुलांनी हाच प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. उत्तरं साधारण अशी असतात :

१. दुकानदाराच्या नफ्यातून. उधारीची जोखीम टळली, माल लवकर विकला गेला, म्हणून तो नफा थोडा कमी करतो. ही खरी सूट.

२. शासनाकडून. पूर्वी गांधी जयंतीला खादीवर मिळणारा सरकारी रिबेट या प्रकारातला. दुकानाने कमी घेतलेली रक्कम शासन भरून देत असे.

३. कार्डाच्या वाचलेल्या खर्चातून. डेबिट कार्डावर दुकानदाराला जास्तीत जास्त ०.९० टक्के शुल्क पडतं. ५,००० रुपयांवर ते ४५ रुपये झाले. क्रेडिट कार्डाला जास्त पडतं. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर मात्र जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. तेव्हा “नोटा दिल्या तर ५०० कमी, फोनवरून दिले तर नाही” असं कोणी म्हटलं, तर ते ५०० बँकेच्या शुल्कातून वाचलेले नसतात.

४. करातून. इथेच ‘बिल नको ना?’ हा प्रश्न येतो.

फळ्यावरचं उदाहरण

समजा, लोखंडी आलमारीची किंमत १०,००० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी १,८०० रुपये. एकूण ११,८०० रुपये.

दुकानदार म्हणतो, “नगद द्या, बिल राहू द्या, १०,५०० मध्ये घेऊन जा.” ग्राहकाला १,३०० रुपये, म्हणजे सुमारे ११ टक्के सूट मिळाली असं वाटतं. आता मुलांना विचारा, दुकानदाराला मूळ किती हवे होते? १०,०००. मिळाले किती? १०,५००. म्हणजे त्याने स्वतःचा एक रुपयाही सोडला नाही, उलट ५०० जास्त घेतले. शासनाकडे जायचे १,८०० रुपये दोघांनी वाटून घेतले.

आता दुसरी रीत. ग्राहक म्हणतो, “भाऊ, रोख देतो, बिलावर दहा टक्के सूट लावा.” विक्रीच्या वेळी बिलावर दाखवलेली सूट आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर कर लागतो :

१०,००० − १,००० = ९,००० रुपये
९,००० वर १८ टक्के = १,६२० रुपये
एकूण = १०,६२० रुपये

फरक फक्त १२० रुपयांचा! तेवढ्यात पक्कं बिल हातात येतं, आणि ८१० रुपये केंद्राला, ८१० राज्याला मिळतात. माझ्या वर्गात हे गणित सुटलं तेव्हा मुलं क्षणभर गप्पच झाली.

हेही सांगायला विसरू नका

* बिल नाही म्हणजे चोरीच, असं नाही. ताज्या भाजीपाल्यावर जीएसटी नाही. आपल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्या, वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला सहसा नोंदणीही लागत नाही. आठवडी बाजारातल्या मावशीकडे बिलाचा हट्ट नको.
* एमआरपीमध्ये सर्व कर धरलेले असतात. त्यावर “जीएसटी वेगळा” मागता येत नाही. एमआरपीपेक्षा कमी घ्यायला मात्र हरकत नाही.
* २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५.

वर्गातील उपक्रम

दोन मुलं दुकानदार, दोन ग्राहक. ग्राहकाने नम्रपणे तीन प्रश्न विचारायचे : “रोख दिले तर किती सूट द्याल?”, “ती बिलावर दाखवाल का?”, “वॉरंटी कार्डावर शिक्का माराल ना?” बाकीच्या मुलांनी अंतिम रक्कम वहीत काढायची. घरून दोन-तीन जुनी बिलं आणून त्यांतली सूट आणि कर शोधायला सांगावं.

पालकांनो, सूट मागण्यात लाज कसली? घामाचा पैसा आहे, जरूर मागा. फक्त पोरगं सोबत असेल तेव्हा “बिल नको” म्हणण्याआधी क्षणभर थांबा. वर्गात आम्ही शिकवतो त्यापेक्षा दुकानात तुम्ही जे करता, ते त्याच्या जास्त लक्षात राहतं.

त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी पूर्ण उत्तर दिलं, “सूट शेकडा अकरा दिसते, पण दुकानदारानं दिलेली सूट शून्य.” आणि माझ्या जळलेल्या मोटारीची गोष्टही सांगितली.