पेल्यात काय ओतणार, ते आधी विचारा

धाराशिव-तुळजापूर पट्ट्यातली बागायतदारांची पोरं हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत लागतात. तिथे महागडी बाटली खोलणाऱ्या माणसाचा रुबाब बघितला की त्यांना सोमेलिए व्हावंसं वाटतं, आणि शिकायची असते ती इटलीचीच वाइन. मीही त्यांतलाच. काटीजवळ आमची माणिक चमनची बाग. आता मला फोन येतात, ‘दादा, कोणता कोर्स करू?’ फी, हप्ते, प्लेसमेंट हे सगळं नंतर. मी आधी विचारतो, पेल्यात काय ओतणार त्याची यादी मागितलीस का?

माझ्या वेळी एका संस्थेच्या माहितीपत्रकावर इटलीचा नकाशा होता, यादी नव्हती. वर्ग ऑनलाइन, चव घ्यायचे नमुने घरपोच. खोकं आलं मे महिन्यात. आपल्याकडचा मे, त्यात कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामातला मुक्काम. आत बोटाएवढ्या काचेच्या कुप्या, वर हाताने लिहिलेली नावं. बारोलो म्हणून जे होतं ते तपकिरी पडलेलं, वास शिजवलेल्या मनुकांचा. बाटलीतून कुपीत भरताना वाइनला हवा लागते आणि चाळिशीपलीकडच्या उन्हात तिची उरलीसुरली चव जाते. पडद्यावरचे सर गुलाब आणि डांबराचा वास येतोय का विचारत होते, आणि वर्गातला जो तो ‘येस सर’ म्हणत होता. परवान्याशिवाय अशी दारू घरोघर पाठवणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात बसत नाही, हे तर वेगळंच. खोकं घरी आमच्या आण्णांच्या हाती लागलं. ‘ह्याला शिक्षण म्हणत्यात व्हय?’ एवढंच ते बोलले.

कोर्स संपल्यावर सोनेरी शिक्क्याचं ‘इंटरनॅशनल’ प्रमाणपत्र मिळालं. हॉटेलातल्या साहेबांनी ते उलटंपालटं करून विचारलं, ‘पण हे देणारं कोण?’ त्याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नव्हतं.

यादीचा आग्रह का, तर परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क राहिलं. चांगली बारोलो किंवा ब्रुनेल्लो वर्गात उघडणं संस्थेला परवडत नाही, मग इटलीच्या नावाखाली एक प्रोसेक्को, एक साधी किआंती आणि उरलेलं सगळं नाशिकचं. नाशिकच्या वाइनला मी नावं ठेवत नाही, पण फी कशाची घेतली ते बघायला नको का? यादीत निदान नेब्बिओलो, सांजोवेझे, बार्बेरा, अल्यानिको यांच्या वाइन उत्पादकाच्या नावासकट आणि वर्षासकट लिहून मागा. एका बाटलीत किती जण, तेही विचारा. ७५० मिलीची बाटली पंधरा जणांत वाटली तर प्रत्येकाला ५० मिली येते आणि तेवढ्यात वास, चव, पुन्हा वास असं नीट करता येतं. तीस-चाळीस जणांत नुसती जीभ ओली होते. आणि टेबलावर थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं नसेल तर तो वर्ग नाही, पार्टी आहे.

दुसरी चौकशी प्रमाणपत्राची. लंडनची डब्ल्यूएसईटी ही संस्था १९६९ पासून आहे. तिचे वर्ग भारतात चालतात, आणि शिकवणारी संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे लंडनच्याच यादीत तपासता येतं. लेव्हल टूला नुसती वस्तुनिष्ठ परीक्षा, लेव्हल थ्रीला मात्र लेखी उत्तरं आणि नाव झाकलेल्या दोन वाइन ठरलेल्या भाषेत उतरवायच्या. तिथली भाषा म्हणजे ब्लॅककरंट नि गूसबेरी. मी पाठ केली जांभूळ, आमसूल आणि चिंचेशी जोडून, पण पेपरात त्यांचेच शब्द लिहिले. लक्षात ठेवा, हा वाइनच्या ज्ञानाचा कोर्स आहे. पाहुण्यासमोर बाटली कशी खोलायची, कोणत्या ताटाबरोबर काय सुचवायचं, हे सेवेचं कसब त्यात जेमतेम. ते हवं तर कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिएची सर्टिफाइड परीक्षा, जिथे थिअरी, चव आणि सेवा तिन्ही तपासतात.

फक्त इटलीच शिकायची तर एआयएस, म्हणजे इटलीतली सोमेलिएंची जुनी संघटना, १९६५ साली मिलानमध्ये सुरू झालेली. तिचे तीन टप्पे, तिसरा सगळा जेवणाबरोबरच्या जोडीवर. शिकवणं मात्र बहुतांशी इटालियन भाषेत, त्यामुळे गावाकडून थेट उडी घेण्यासारखा तो मार्ग नाही. वाइन स्कॉलर गिल्डचा इटालियन वाइन स्कॉलर इंग्रजीत आहे आणि उत्तर इटली एका भागात, मध्य-दक्षिण दुसऱ्या भागात असा सविस्तर शिकवतो. पण पाया कच्चा असताना तो घेऊ नये. माझ्या मते आधी लेव्हल टू, मग नोकरीत वर्षभर बाटल्या हाताळणं, मग इटली.

शिकवणाऱ्याला पैसे भरण्याआधी एक प्रश्न टाकून बघा. मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो आणि व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो यांत फरक काय? पहिल्यात मोंतेपुल्चानो हे द्राक्ष, दुसऱ्यात तस्कनीतलं गाव, आणि त्या गावची वाइन होते सांजोवेझेची. हे ज्याला चटकन सांगता येत नाही त्याच्याकडे इटली शिकू नये. नेब्बिओलोची वाइन ‘गडद काळी’ सांगणाराही तसलाच. ती दिसायला फिकी आणि तोंडात तुरट-करकरीत असते.

आमच्या सरांनी एकदा सांगितलं की इटालियन वाइनशी आपला संबंध कालपरवाचा. पण तेर हे जुनं व्यापारी गाव आमच्याच जिल्ह्यात. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-मार्गदर्शकात तगर म्हणून त्याचा उल्लेख आहे, इथला माल भडोचला जायचा आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, त्यातही इटलीची पहिल्या पसंतीची. सरांना हे ऐकवायचं राहून गेलं.

फी भरण्याआधी एक स्वस्तातला प्रयोग करून बघा. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली वाइन्स आहे. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावाभावांनी काढलेली, आणि वाइनमेकर तस्कनीचे पिएरो मासी. तिथे सांजोवेझे लावलेली आहे. तिची एक बाटली आणि एक किआंती क्लासिको चौघा मित्रांत मिळून घ्या, लेबलं झाकून शेजारी शेजारी ओता. आंबटपणा, तुरटपणा, फळाचा पिकलेपणा वहीत लिहा. तासाभरात फरक उमगायला लागला आणि कारण शोधावंसं वाटलं, तर कोर्सवर पैसे घालायला हरकत नाही.

बागेसाठी म्हणून कोणी हा कोर्स करणार असेल तर करू नये. खायच्या द्राक्षाला आपण जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिडमध्ये) बुडवून मणी फुगवतो, साल पातळ हवी म्हणतो. वाइनला बारीक मणी, जाड साल आणि बी हवं. सोमेलिएचा कोर्स हे शिकवत नाही. त्यासाठी पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आणि २००८ च्या मंदीनंतर वाइनच्या बागा उपटाव्या लागलेल्या शेतकऱ्यांना विचारा, वाइनरीचा लेखी करार हातात पडल्याशिवाय वाइनच्या द्राक्षाची एकही काडी लावू नका असंच ते सांगतील.