हॅम रेडिओ : छंद आणि बंधने

‘हौशी’ या शब्दाने आपली फसगत होते. हौशी नाटक, हौशी क्रिकेट, तसाच हौशी रेडिओ, असे वाटते. वास्तविक हॅम रेडिओ हा सरकारी परवान्यावाचून करताच येत नाही असा छंद आहे, आणि परवान्यापूर्वी परीक्षा द्यावी लागते. तीत वीज व रेडिओतंत्र असते, तसेच नियमही असतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने ओहमचा नियम कशाला शिकावा, असे आमच्या वर्गात कोणी विचारले. जरूर शिकावा, बारा वर्षांची मुलेही या परीक्षेस बसू शकतात!

बिनतारी यंत्र बाळगण्यावर १९३३ च्या कायद्याने बंधन आले. हौशी सेवेचे सविस्तर नियम १९७८ साली झाले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा संमत झाला, तरी परवानगीची अट सुटलेली नाही. १९७८ च्या नियमांप्रमाणे आपली कॉल साइन सांगावी, संभाषणांची नोंदवही ठेवावी, पैसा घेऊ नये, गाणी वा बातम्या प्रक्षेपित करू नयेत, आणि तिसऱ्या माणसाचा निरोप पोहोचवू नये. मग लोकसेवा राहिली कुठे?

उत्तर त्याच नियमांत आहे. भूकंप, पूर, वादळ, मोठी आग यांत नेहमीची दळणवळणाची साधने बंद पडली तर असा निरोप नेता येतो. मात्र तो सक्षम मुलकी अधिकाऱ्याकडून निघालेला व तशाच अधिकाऱ्यासाठी असावा. अशा अधिकाऱ्यांत जिल्हाधिकारी येतात. अट कडक आहे, पण मला ती योग्य वाटते. पुराच्या रात्री ‘धरण फुटले’ हे दोन शब्द अख्खे गाव पळवायला पुरेसे असतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळी मदतीला धावली. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद व त्यांचे सहकारी अंदमानात रीतसर परवानगीने छंदासाठीच गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांच्या यंत्रावरून बेटांवरच्या लोकांची खबरबात मुख्य भूमीवर पोहोचू लागली. परवानगी आधीच हाती होती, म्हणून हे घडले.

आपल्याकडे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा शहरात पाणी घातले. आमच्या मोहल्ल्यात वीज गेली, आणि तिच्यामागोमाग मोबाईलही निजले. अशा वेळी नदीकाठच्या सखल गावातून हातातला छोटा संच साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपूरला पोहोचेलच असे नाही, कारण त्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. चाळीस मीटरच्या लहरी मात्र वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात. संच मोटारीच्या बॅटरीवर चालतो आणि तारेची अँटेना दोन झाडांना बांधता येते.

परंतु पूर आल्यावर परवाना मागता येत नाही. जिल्ह्यात परवानाधारक कोण, याची यादी कलेक्टर कचेरीत पावसाळ्यापूर्वी तयार हवी. सरकारने एवढे कर्तव्य मानावे. परीक्षेचा अर्ज केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे करायचा असतो. आम्ही तिघांनी ओहमच्या नियमापासून सुरुवात केली आहे.