पन्नासाला एक

टाळेबंदीत आमच्या गल्लीत कोणी उपाशी झोपलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटायचं की मी रेशनला नावं ठेवते आहे. ते धान्य नसतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

आमचं गाव घाटाखालचं, खामगाव तालुक्यातलं. मार्च 2020 च्या शेवटी बुलढाण्यात करोनाने विदर्भातला पहिला बळी घेतला आणि सगळा जिल्हा धास्तावला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा बंद असली तरी पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ-कडधान्य पालकांपर्यंत पोचवायचं काम आमच्याकडे होतं. त्यानिमित्ताने घरोघरी जाणं झालं आणि लोकांच्या ताटात काय आहे ते दिसलं. एका घरी दुपारी भात, रात्री भात आणि सोबत मिरचीचा ठेचा. मी काही विचारण्याआधीच बाई म्हणाली, "पोट तं भरते ना, मॅडम."

पोट भरत होतं, हे खरंच. पण हिशेब करून पाहा. पाच माणसांचं प्राधान्य कुटुंब. माणशी 5 किलो नेहमीचं धान्य आणि गरीब कल्याण योजनेतलं माणशी आणखी 5 किलो, म्हणजे महिन्याला 50 किलो गहू-तांदूळ. त्यावर कुटुंबामागे डाळ 1 किलो. आहारतज्ज्ञ सांगतात ते प्रमाण साधारण तीन भाग धान्याला एक भाग डाळीचं. आमच्याकडे पन्नासाला एक पडत होतं. उरलेली डाळ विकत घ्यायची, तर हातात पैसा नव्हता. कापसाची खरेदी रखडली होती. घरोघरी खोलीत कापूस आढ्याला टेकलेला, त्यातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि कोठीत ज्वारीचा दाणा नाही. भाकरीवर वाढलेला आपला मुलूख. पण शेतात सोयाबीन आणि कपाशी, दोन्ही विकायची पिकं. बाजार बंद पडल्यावर त्यातलं काय खाणार?

अंडी-कोंबडीचं तर हसावं की रडावं असं झालं. टाळेबंदीच्या थोडं आधी कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली. भाव इतके कोसळले की काही ठिकाणी पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या. ज्या दिवसांत प्रथिनं सगळ्यांत स्वस्त होती, त्याच दिवसांत लोकांनी ती ताटातून काढून टाकली.

आता आमच्या घरचं. आमच्याकडे पगार होता, त्यामुळे डाळीची ददात नव्हती. आमची अडचण वेगळी. आठवडी बाजार बंद, भाजी कधी यायची, कधी नाही. सासूबाईंनी वाळवणाचे डबे उघडले. मुगवड्यांची भाजी, तळलेल्या कुरडया, पापड, कैरीचं लोणचं. सगळे खूश. वाळवणाचं मीही कौतुकच करते, पण मुगवडी आणि पापड एका माळेत बसवू नयेत. मुगवडीत डाळ आहे. पापडात पापडखार आणि मीठ, लोणच्यात तर मीठच मीठ. दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा. पापड-लोणचं हेच तोंडीलावणं झालं की ती दुपारीच ओलांडली जाते. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे. मे महिन्यात त्यांचे पाय सुजले आणि डोकं जड राहू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी पापड-लोणचं बंद करायला सांगितलं. त्याच दिवसांत बांधावर आणि ओलिताच्या शेतात चिवळ उगवली होती. फुकटची, ताजी, उन्हाळ्यातच येणारी. आधी तिच्याकडे पाहायला हवं होतं, डब्यांकडे नंतर.

आमच्या ह्यांना मधुमेह. ते बाजार समितीत हिशेबाला, रोज सायकलने जाणारे. तेही घरी बसले. दूरदर्शनवर सकाळी नऊला रामायण, रात्री नऊला रामायण, आणि दोन्ही वेळा पुढ्यात शेव-चिवड्याची ताटली. त्यात काढा. आयुष मंत्रालयाने दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितलेला काढा आमच्याकडे चहासारखा सुरू झाला, तोही भरपूर गूळ घालून. गूळ म्हणजे औषध, साखर नव्हे, ही समजूत घाटाखाली आणि घाटावर सारखीच पक्की आहे. रक्तातल्या साखरेला मात्र तो फरक कळत नाही.

त्याहून वाईट गोष्ट घरात कोणाला कळलीच नाही. गावात मेडिकल नाही, एसटी बंद. गोळ्या संपत आल्या म्हणून ते गुपचूप अर्धी गोळी घेऊ लागले. त्रास काहीच जाणवला नाही. वाढलेली साखर दुखत नाही, हाच तिचा धोका. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दाराशी आल्या. ताप, ऑक्सिजन पाहून झालं, शुगर-बीपी विचारलं. हे म्हणाले, "शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये." कधी तपासली, यावर उत्तर नव्हतं. ताईंनी पिच्छा पुरवला म्हणून तपासली, तर उपाशीपोटी 218. 126 पासून पुढे मधुमेह धरतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने डोळे आणि जबडे गमावलेल्या लोकांच्या बातम्या आल्या. त्यांतल्या बहुतेकांची साखर वाढलेली होती, अनेकांना स्टेरॉइड दिलेली होती. त्या बातम्या ह्यांनी मोठ्याने वाचल्या नाहीत.

म्हणून सांगते, बेगमी म्हटली की गव्हाच्या पोत्यासोबत गोळ्यांचाही हिशेब ठेवा. शुगर, बीपी, थायरॉइड, फिट्स, ज्याचं जे असेल त्याच्या महिनाभराच्या गोळ्या नेहमी शिल्लक असाव्यात आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये. गोळी कमी पडत असेल तर अर्धी करू नका, आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगा. सरकारच्या ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी चुकवू नका. व्यायामासाठी मैदान लागत नाही. आठवड्याला 150 मिनिटं चालायचं आहे. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ते सूर्य उगवण्याआधी गच्चीवर किंवा अंगणात उरकावं लागतं, एवढंच.

आणि रेशनकार्ड. माझे दीर पुण्याहून बायकापोरांसह परतले. गावच्या कार्डातून नावं कमी केलेली, पुण्यात चढवलेली नाहीत. केशरी कार्डावर मे-जूनमध्ये 8 रुपयांनी गहू आणि 12 रुपयांनी तांदूळ मिळत होता, तोही त्यांना मिळेना. बाहेरगावी राहणाऱ्यांनी नाव कमी केल्याचा दाखला घेऊन तो तसाच घडी घालून ठेवू नये. खरं तर अन्नसुरक्षा योजनेत असलेल्यांना नाव न हलवताही दुसऱ्या गावात धान्य उचलता येतं. नव्या सुनेचं, बाळाचं नाव चढलंय का, प्रत्येकाचं आधार जोडलंय का, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत गर्दी नसतानाच पाहून घ्या. धान्याची तक्रार 1967 वर नोंदवता येते.

आमच्या शेतात काय पेरायचं, यावरून घरात अजून भांडण चालू आहे. मी म्हणते, खाण्यापुरती ज्वारी पेरा. हे म्हणतात, एकट्याच्या शेतात ज्वारी लावली की सगळ्या शिवारातली पाखरं तिथे उतरतात, राखण कोण करणार? त्यांचंही खोटं नाही. तूर्तास सोयाबीनमध्ये तुरीचे तास वाढवले आहेत, धुऱ्याच्या कडेने मूग-उडीद टाकला आहे आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवगा लावला आहे. ज्वारी घाटावरच्या नातेवाइकांकडून पोत्याने आणतो.