इटलीची पहिली यात्रा : शहरे थोडी, मुक्काम मोठा

आपल्या धर्मग्रामातून रोमला जाणारी मंडळी बहुधा एखाद्या यात्रा-गटाबरोबर जातात. तिकिटे, जेवण, बस, हॉटेल सगळे तयार असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तो मार्ग वाईटही नाही. परंतु स्वतः आखणी करून जावे असे अनेकांच्या मनात असते. सुरुवात कुठून करायची हे ठाऊक नसल्याने बेत तिथेच राहतो. आम्ही दोघे, आमचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई असे चौघे २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात इटलीला जाऊन आलो. आखणी करताना जे शिकलो ते इथे क्रमाने मांडीत आहोत.

पहिला आराखडा आणि आईंचा प्रश्न

पहिला आराखडा मुलाने संगणकावर तयार केला. अकरा रात्रींत मिलान, व्हेरोना, व्हेनिस, पदुआ, फ्लोरेन्स, पिसा, रोम आणि नेपल्स अशी आठ शहरे होती. कागदावर सारे सुरेख दिसत होते. आम्ही तो आईंना वाचून दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, "पदुआला किती वेळ?" मुलगा म्हणाला, "दोन तास, आजी. व्हेनिसहून फ्लोरेन्सला जाताना वाटेतच आहे."

आई काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात दर मंगळवारी संत अंतोनीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागते. मुलगा लहानपणी आजारी होता तेव्हा आईंनी त्या संताला काय बोलले होते, ते आम्हां सर्वांना ठाऊक होते. त्या गप्प राहिल्या तेव्हा आमच्या लक्षात आले की, ज्यांच्यासाठी हा प्रवास निघाला होता त्यांच्याच वाट्याला आम्ही दोन तास ठेवले होते.

म्हणून पहिला धडा असा : नकाशा उघडण्यापूर्वी बरोबर येणाऱ्या प्रत्येकाने "हे राहिले तर मला चुटपुट लागेल" असे एकच ठिकाण कागदावर लिहावे. आमच्या घरी आईंनी पदुआ लिहिले, मुलाने पॉम्पेई आणि आम्ही दोघांनी रोम व असिसी. मिलान, पिसा किंवा व्हेरोना कोणीच लिहिले नव्हते. ती तीन शहरे तिथेच गळाली.

अर्ध्या दिवसाचा हिशेब

दुसरा धडा गणिताचा आहे. एका शहरातून दुसऱ्या शहरात मुक्काम हलवायचा म्हणजे बॅगा भरणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, गाडीचा प्रवास, नवे हॉटेल शोधणे, आणि खोली मिळेपर्यंत थांबणे. गाडीचा प्रवास दीड तासाचा असला तरी अर्धा दिवस जातोच. आठ शहरे म्हणजे सात वेळा मुक्काम हलवणे, म्हणजे साडेतीन दिवस. अकरा दिवसांतले साडेतीन दिवस बॅगा ओढण्यात घालवायचे का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला.

शेवटी चारच मुक्काम ठरले. रोम चार रात्री, असिसी दोन, फ्लोरेन्स दोन आणि पदुआ तीन. व्हेनिससाठी वेगळा मुक्काम केला नाही. पदुआहून गाडीने ते साधारण अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. शिवाय व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्यांवरून सामान चढवण्याचे कष्टही वाचले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२४ पासून वसंत व उन्हाळ्यातील ठराविक दिवशी, केवळ दिवसापुरते व्हेनिसला येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले आहे. जाण्यापूर्वी त्या वर्षाच्या तारखा पाहाव्यात.

विमानाचे तिकीट काढताना येणे-जाणे एकाच शहरातून असले पाहिजे असे नाही. आम्ही रोमला उतरलो आणि व्हेनिसहून परत निघालो. त्यामुळे पुन्हा रोमपर्यंत उलटा प्रवास करावा लागला नाही, एक अख्खा दिवस वाचला.

वार पाहून आखणी

तिसरा धडा आम्हांला सर्वांत उपयोगी पडला. इटलीत कोणत्या वारी काय बंद असते हे पाहून शहरांचा क्रम लावावा.

व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. केवळ महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती विनामूल्य उघडतात, आणि तेव्हा गर्दी फार असते. सिस्टाईन चॅपेल या संग्रहालयांतूनच पाहावे लागते. फ्लोरेन्समधील उफ्फिझी आणि मायकेल अँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. पोप महोदयांची सार्वजनिक भेट साधारणपणे बुधवारी सकाळी असते आणि रविवारी दुपारी बारा वाजता देवदूताची प्रार्थना होते. परंतु पोप महोदय दौऱ्यावर असतील तर हे कार्यक्रम होत नाहीत किंवा बदलतात, म्हणून आधी खात्री करून घ्यावी. बुधवारच्या भेटीची प्रवेशपत्रे विनामूल्य असतात. त्यांच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

हे सर्व मांडल्यावर क्रम आपोआप जुळला. मंगळवारी रोमला पोहोचलो. बुधवारी संत पेत्राच्या चौकात पोप महोदयांची भेट, गुरुवारी संग्रहालये. शनिवारी असिसीला गेलो आणि रविवारची मिस्सा तिथे ऐकली. सोमवारी दुपारी फ्लोरेन्स गाठले. तेव्हा संग्रहालये बंद होती, पण आमचे काही अडले नाही. तो वेळ नदीकाठी आणि मोठ्या कॅथेड्रलच्या चौकात गेला, आणि मंगळवारी डेव्हिड पाहिला. बुधवारी पदुआला पोहोचलो. शुक्रवार व्हेनिससाठी होता आणि शनिवारी परतीचे विमान.

वारांप्रमाणे सणही पाहावेत. आमची मूळ तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली होती. ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिसचा सण, त्या दिवसांत असिसीत खोल्या मिळणे कठीण जाते. म्हणून आम्ही बेत आठवडाभर पुढे ढकलला. त्याचप्रमाणे १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, इटलीत सार्वजनिक सुट्टी असते. त्या सुमारास उन्हाळा कडक असतो आणि स्थानिक दुकानेही पुष्कळ बंद असतात. वयस्कर माणसे बरोबर असतील तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे.

व्हिसा, खोल्या आणि तिकिटे

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. पण शेवटच्या दिवसांपर्यंत थांबू नये, कारण मुलाखतीची वेळ मिळायलाच काही आठवडे लागू शकतात. २०२४ च्या जूनपासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सेवाकेंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी. एकाहून अधिक शेंगेन देश पाहणार असाल, तर ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच्याकडे अर्ज करावा.

अर्जासोबत राहण्याच्या जागेचे आरक्षण दाखवावे लागते. व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येतील अशाच खोल्या घ्याव्यात. इटलीत धर्मभगिनींच्या अनेक मठांत पाहुण्यांसाठी स्वच्छ, साध्या खोल्या असतात. आम्ही रोम आणि असिसीत तशाच ठिकाणी राहिलो. मात्र काही मठांत रात्री ठराविक वेळेला दार बंद होते, ते आधी विचारून घ्यावे. बहुतेक शहरांत माणशी दर रात्रीचा एक स्थानिक कर जागेवर द्यावा लागतो, त्यासाठी थोडे सुटे पैसे वेगळे ठेवावेत.

रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने सुमारे दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या आसपास. या गाड्यांची तिकिटे लवकर काढली तर पुष्कळ स्वस्त पडतात. असिसीकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, त्यांना घाई नाही. मात्र प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. विसरल्यास दंड होतो. असिसीचे स्थानक खाली सपाटीवर आहे आणि जुने गाव वर डोंगरावर. मधल्या प्रवासासाठी बस मिळते. स्थानकाजवळच 'देवदूतांच्या मातेची' बासिलिका आहे. संत फ्रान्सिसचे छोटे पोर्झिउंकोला प्रार्थनामंदिर तिच्या आत आहे, ते चुकवू नये.

आमच्याकडून झालेली चूक

एवढे करूनही एक चूक झालीच. इटलीत पुष्कळ चर्चेस दुपारी दोन-तीन तास बंद असतात. हे आम्ही वाचले होते, पण आखणीत धरले नाही. असिसीत एक छोटे चर्च पाहायला आईंना घेऊन चढण चढलो आणि सव्वाबाराला दारात पोहोचलो तर कुलूप. आईंचे गुडघे दुखत होते. दोन तास सावलीत बसून राहिलो. त्यानंतर आमचा नियम ठरला : सकाळी चर्च, दुपारी जेवण व विश्रांती, चारनंतर पुन्हा बाहेर. दिवसात दोनच ठिकाणे. आखणीतला रिकामा वेळ वाया जात नाही, थकलेल्या माणसाला तोच हात देतो.

त्या दोन तासांत आईंनी विचारले, "आपला संत गोन्सालो गार्सिया इथलाच ना?" आम्ही सांगितले की तो जन्माने आपल्या वसईचा, पण संघ संत फ्रान्सिसचा. १५९७ मध्ये नागासाकी इथे तो क्रुसावर रक्तसाक्षी झाला आणि १८६२ मध्ये नववे पायस यांनी रोममध्ये त्याला संतपद बहाल केले. आई म्हणाल्या, "म्हणजे आपण त्याच्या गुरुघरी आलो." कुलपापुढे बसलो नसतो तर हे बोलणे झाले नसते.

सर्वांनी सगळीकडे एकत्रच जावे असे नाही

मुलाच्या पॉम्पेईचे काय झाले? रोमच्या चार दिवसांत शुक्रवार मोकळा ठेवला होता. तो पहाटे एकटा निघाला. रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास, तिथून लोकल गाडीने पॉम्पेई. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले ते शहर त्याने मनसोक्त पाहिले. जवळच जपमाळेच्या मातेचे मोठे तीर्थस्थान आहे. त्याचे संस्थापक बार्तोलो लोंगो यांना २०२५ मध्ये संतपद मिळाले. तिथून त्याने आजीसाठी जपमाळ आणली. आम्ही मात्र त्या दिवशी आईंसोबत सांता मारिया माज्जोरे बासिलिकेत निवांत बसलो. पोप फ्रान्सिस यांना २०२५ मध्ये त्याच बासिलिकेत चिरविश्रांती देण्यात आली, त्यामुळे आता तिथे जाणाऱ्यांना अधिक वेळ ठेवावा लागेल.

पदुआ

पदुआला आम्ही दोन पूर्ण दिवस ठेवले नव्हते, कारण एक व्हेनिसला गेला. पण गुरुवार पूर्ण आईंचा होता. सकाळी संताच्या कबरीजवळ भाविक दगडावर हात टेकवून प्रार्थना करतात, त्या रांगेत आई उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली, हात टेकवला आणि बाजूला झाल्या. आम्ही म्हणालो, "झाले?" त्या म्हणाल्या, "नाही, पुन्हा एकदा." त्या दिवशी त्या तीनदा रांगेत उभ्या राहिल्या. आम्हांला कुठेही जायचे नव्हते, म्हणून कोणी घड्याळ पाहिले नाही.

आखणी करण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचे प्रश्न

१. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचे एक ठिकाण कोणते?
२. मुक्काम किती वेळा हलवायचा आणि त्यात किती अर्धे दिवस जातात?
३. कोणत्या वारी, कोणत्या सणाला, दिवसाच्या कोणत्या वेळी काय बंद असते?
४. आपल्यातील सर्वांत सावकाश चालणारे माणूस एका दिवसात किती चालू शकेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहावे. बाकीची आखणी त्यावर बसवावी.